परंड्याहून तेरला नेलेली डबी

धाराशिव जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या चिपळुणातली माणसं पहिला प्रश्न विचारतात, तुळजापूरला ओटी भरलीत ना? नाही भरली. तिथपर्यंत पोचलेच नाही. मी राहिले परंड्याला, तेर पाहिलं, आणि पुढे धाराशिवला गेले ते दवाखान्यात. देवीचं दर्शन राहून गेलं ते राहूनच गेलं. जे पाहिलं, खाल्लं, ऐकलं ते लिहिते आहे. त्यातलं बरंचसं सुखाचं आहे, पण माझं मन ज्या गोष्टीपाशी सारखं जाऊन बसतं ती सुखाची नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझी मावसबहीण वैशाली लग्न होऊन परंडा तालुक्यात गेली आणि तिथलीच झाली. एका खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. गाव तिला सिस्टर म्हणतं. "ताई, निवृत्त झालीस की ये," असं ती दरवर्षी म्हणायची. मी पोस्टात होते. निवृत्त झाले आणि थंडी पडल्यावर निघाले.

परंडा

कुर्डुवाडीला उतरून एसटीनं परंड्याकडे जाताना माझे डोळे बावचळले. आमच्याकडे नजर दहा पावलांवर कुठल्या तरी झाडाला किंवा डोंगराला अडते. इथं ती सुटते ती ज्वारीच्या कणसांवरून थेट आभाळापर्यंत. कंडक्टरला मी उगाचच विचारलं, इथं नदी कुठं आहे? तो म्हणाला, "हाय की, पर पाणी बघायचं आसंल तर श्रावणात या." गाडीतली माणसं हसली आणि मीही हसले.

पहिले दोन दिवस नुसती चैन केली. किल्ला पाहिला. तोफांवर हात ठेवून फोटो काढले. वैशालीच्या शेजाऱ्यांच्या रानात हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं हातावर चोळून कोवळे दाणे पुढ्यात टाकत जातात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. माझ्या भातखाऊ पोटाला त्याचा अंदाज आला नाही. रात्रभर पोट धरून बसले आणि सकाळी वैशालीनं मला ओव्याचं पाणी पाजलं. चहा मात्र शेवटपर्यंत जमला नाही. इथं चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. नको म्हटलं की माणसं दुखावतात, म्हणून गिळत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी वैशालीबरोबर तिच्या फेरीवर गेले. घरोघर गरोदर बायका आणि लहान मुलं तपासायची, गोळ्या द्यायच्या, वजन बघायचं. एक गोष्ट मला गमतीची वाटली. प्रत्येक पोटुशीला ती आधी विचारायची, "दात कशानं घासता?" मी म्हटलं, हे काय दाताच्या डॉक्टरासारखं? तर म्हणाली, "ताई, तंबाखू खाता का असं विचारलं की सगळ्या नाही म्हणतात, आणि खोटं कुणीच बोलत नसतं. मिसरीला इथं कुणी तंबाखू समजतच नाही."

मिसरी म्हणजे आमच्याकडची मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची आणि बोटानं दातांवर घासायची. सकाळी एकदा म्हणून सुरू होतं, मग जेवणानंतर, मग काम झालं की, मग जरा बसलं की. माझी आत्या लावायची, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते एवढ्या कोवळ्या सुना लावताना पाहून. वैशाली प्रत्येकीला तेच सांगत होती. आईच्या हिरडीतून ते रक्तात जातं आणि रक्तातून बाळाला पोचतं, मग बाळ वाढत नाही, वेळेआधी होतं.

त्या फेरीत गयाबाईंचं घर लागलं. दोन एकर रान, चार शेळ्या, स्वभावानं मोठी हसरी बाई. आम्ही गेलो तेव्हा त्या गोठ्यामागे तीन दगडांच्या चुलीवर मिसरीच भाजत होत्या. धूर असा की मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांची मधली नात खोकत खोकत पळाली. वैशाली रागावली. गयाबाई म्हणाल्या, "सिस्टर, आदी घरात भाजत व्हते, तुमी बोलला म्हणून भाईर आणली. आता काय येशीभाईर जाऊ?" वैशालीलाही हसू आलं. ती मला नंतर म्हणाली की चूल घराबाहेर नेईपर्यंत तिच्या कितीतरी चकरा झाल्या होत्या, आणि तेवढंही थोडं नाही.

गयाबाईंची धाकटी सून मीरा. बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, तेरला. वाटेनं चालता चालता वैशालीनं मला तिचं सगळं सांगितलं. मीराचं पहिलं बाळ आठव्यातच झालं होतं, ओंजळभर, आणि आठवड्याच्या आत गेलं. तेव्हा मीरा दिवसातून पाच-सहादा मिसरी लावायची. या खेपेला दिवस राहिले तशी वैशालीनं तिच्याकडे जाणं वाढवलं. सुरुवातीच्या महिन्यांत जप, बाळाचे हातपाय, डोळे याच दिवसांत घडतात, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. तलफ आली की तोंडात टाकायला भाजलेला ओवा आणि बडीशेप दिली. आणि मीरानं खरंच सोडली. तिसऱ्या महिन्यापासून बोट लावलं नाही.

"आता शेवटचे दिवस महत्त्वाचे," वैशाली म्हणाली. "आठव्या-नवव्यातच बाळ वजन धरतं. एवढं निभावलं की झालं." मीरा माहेरी गेली तेव्हा वैशालीनं तेरच्या सिस्टरांना फोन करून तिचं नाव दिलं होतं. त्या एकदा जाऊन तपासून आल्या होत्या. सगळं ठीक होतं.

मी तेर बघायला निघणार हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई एसटी स्टँडवर आल्या. हातात फडक्याचं गाठोडं. धपाटे, शेजारच्या भूमच्या खव्याचे पेढे, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, आणि या सगळ्यात चिंधीत गच्च बांधलेली एक लहान डबी. डबीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही तेवढी मीराच्याच हातात द्या, ताई. दुसऱ्या कुनाच्या न्हाय." मला वाटलं सोन्याचं काहीतरी असेल, किंवा कुठला अंगारा. विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पार्सलं न उघडता पुढे धाडली, ती सवय काही सुटत नाही. वैशाली तेव्हा उपकेंद्रावर होती. गाडी लागली आणि मी गाठोडं मांडीवर घेऊन बसले.

तेर

तेर हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं. परदेशी व्यापार, हस्तिदंत, मोठी पेठ. प्रत्यक्षात साधं मोठं गाव आहे. पण विटांचं एक देऊळ आहे, इतकं जुनं की मी त्याच्या भिंतीला टेकून बराच वेळ नुसती बसले. आमच्याकडे जांभ्याची देवळं, इथं एकावर एक रचलेल्या मोठमोठ्या विटा, आणि इतक्या शतकांत पाऊस त्यांना उतरवू शकला नाही. संग्रहालयात मातीच्या लहान लहान बाया आहेत, कुणाच्या कडेवर मूल आहे, कुणाच्या कानात केवढे दागिने. तिथल्या शिपायानं मला प्रत्येकीपाशी नेऊन उभं केलं. तेरणा नदीत थोडंसं पाणी होतं आणि त्यात म्हशी निवांत बसल्या होत्या.

मीराचं माहेर देवळापासून जवळच. तिची आई पार्वतीबाई दारातच भेटल्या. परंड्याच्या सिस्टरची बहीण आली म्हटल्यावर त्यांनी लगबगीनं सतरंजी टाकली, भाकरीला बसल्या. मीरा पोट सावरत बाहेर आली. वय बावीस-तेवीस, चेहरा सावळा, शांत, आणि डोळ्यांखाली थोडी सूज. माझ्याजवळ बसून ती आपणहून बोलायला लागली, कारण मी वैशालीची होते.

तिनं मला ओव्याची डबी दाखवली. पहिले पंधरा दिवस डोकं फुटायची पाळी आली, सासूवर खेकसले, एकदा रडत चुलीपाशी बसले, पण लावली नाही, असं सगळं सांगितलं. तिच्या बोलण्यात अभिमान होता आणि तो तिला शोभत होता. पोटावर हात ठेवून म्हणाली, हे फार लाथा मारतं, पहिलं इतकं हलत नव्हतं.

मग तिनं गाठोडं सोडलं. दुपटी उलगडून गालाला लावली. पेढे आईकडे दिले. चिंधीची गाठ दातांनी सोडली, डबीचं झाकण काढलं, आणि तो वास आला. गोठ्यामागचा तोच वास. डबीत काठोकाठ काळी, बारीक मिसरी होती.

मीरानं हळूच मला विचारलं, "सिस्टरला म्हाईत हाय का?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. नाही, तिला माहीत नाही, आणि मलाही माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "सासूबाईंनी दिलीय गं." का म्हटलं असं? गयाबाईंची चहाडी होईल म्हणून, पार्वतीबाई ताट घेऊन समोर उभ्या होत्या म्हणून, पाहुणी होते म्हणून. कारणं शोधायला बसलं की मिळतात.

पार्वतीबाईंनी डबीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, "विहीणबाईला पोरीची कळकळ हाय. आता आठवा सरत आला, लेकराचं हातपाय, नाकडोळं समदं झालंय. आता कशाला जीव मारायचा?"

"सिस्टरबी म्हनल्या व्हत्या, पहिलं महिनं जपायचं म्हणून," मीरा म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझ्या पुढ्यात बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. आमटीत खडा मसाला आणि भाजलेल्या डाळींचा दाट वास. आठव्या-नवव्यात बाळ वजन धरतं, हे वैशालीचं वाक्य मला ऐकून एक दिवसही झाला नव्हता. मी आमटी किती छान झालीय असं म्हटलं. मीरानं चिमूटभर मिसरी तळहातावर घेतली, बोट बुडवलं आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. थोड्या वेळानं वळली तेव्हा तिचा चेहरा इतका सैल झाला होता की मला क्षणभर बरंच वाटलं. गरीब पोर, एवढ्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. निघताना तिनं मला वाकून नमस्कार केला.

पुन्हा परंडा

वाटेत धाराशिवला एक मुक्काम होता, गावात जुन्या पोस्टातल्या ओळखीच्यांकडे. त्यांनी गुलाबजाम आणले, गप्पा झाल्या. तिथून वैशालीला फोन करता आला असता. आता समोरच सांगू, फोनवर कशाला, असं म्हणून मी तो पुढे ढकलला.

परंड्याला पोचल्यावर जेवताना सांगितलं. वैशालीच्या हातातला घास ताटात राहिला. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "ताई, फोन का नाही केलास?" एवढंच म्हणाली आणि हात धुऊन उठली. मीराचा फोन तिच्या आईनं घेतला, मीरा झोपलीय म्हणाली. मग तिकडच्या सिस्टरांना फोन केला. त्या बिचाऱ्या दुसऱ्या दिवशी गेल्या, समजावून आल्या. मीरानं मान हलवली, सोडते म्हणाली.

आम्ही गयाबाईंकडे गेलो. त्या आधी खळखळून हसल्या, मग त्यांनी वैशालीचा चेहरा पाहिला. म्हणाल्या, पोर फोनवर रडत होती, परसाकडं होत नव्हतं, अन्न गोड लागत नव्हतं. पाच महिने तिनं मन मारलं होतं. "तुमीच म्हनला व्हता सिस्टर, हातपाय फुटायचं महिनं जपा. ते तर जपलं आमी. आता काय ऱ्हायलंय म्हणून धाडली. माझ्या नातवाच्या वाइटाला म्या धाडीन व्हय?"

परत येताना वैशाली एकदाच बोलली. सुरुवातीच्या महिन्यांचं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, शेवटच्या महिन्यांचं त्या घरात सांगायचं राहून गेलं. मीरानं सोडलीच होती, मग सांगायचं कारण काय, असं तिला वाटलं. आम्ही दोघी त्या ज्वारीच्या कडेनं चालत होतो आणि दोघींनाही एकमेकींची समजूत काढता येत नव्हती.

पुढे कळलं की मीराची मिसरी सुटली नाही. पाच महिने लांब ठेवलेली तलफ एकदा परत आली की दुप्पट होऊन बसते. जेवणानंतर एकदाच म्हणत तिनं ती सुरू ठेवली. डबी संपल्यावर पार्वतीबाईंनी घरी भाजली. मी तोवर चिपळूणला परतले होते. घरी सगळ्यांना हुरडा आणि विटांचं देऊळ सांगितलं. डबीचं कुणाला सांगितलं नाही.

धाराशिव

वैशालीचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. मीराला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी, दोन किलोसुद्धा नाही. धाराशिवला लहान बाळांच्या खास कक्षात ठेवलीय. वैशालीनं मला ये म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी निघाले.

दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाच्या सावलीत बायाबापड्या बसल्या होत्या, कुणी भाकरी सोडून खात होतं, कुणी थर्मासातून पेज ओतत होतं. गयाबाई आणि पार्वतीबाई, दोघी विहिणी, एकाच सतरंजीवर पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. मला पाहून गयाबाई उठल्या. थोड्या वेळानं फाटकाबाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा तोंडाला पदर होता. त्यांचीही सुटत नव्हती. मला त्यांचा राग आला नाही, यायला काही कारणच नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मराठी शुद्ध पण सूर लातूरकडचा. मी विचारलं, हे मिसरीमुळं झालं का? त्या म्हणाल्या, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आईचं रक्त कमी आहे, पहिलंही आधीच झालं होतं, आणि मिसरीनं बाळ लहान राहतं हेही खरं. त्यातला पहिला भाग मी घट्ट धरून ठेवला. बाहेर येऊन वैशालीला तोच सांगितला. ती म्हणाली, "मलाही त्यांनी हेच सांगितलं, ताई. मला रात्री झोप येत नाही ती नाहीच येत."

मीराला भेटायला मला हातपाय धुऊन, झगा घालून आत सोडलं. ती आरामखुर्चीत रेलून बसली होती आणि तिच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधोमध, ते बाळ पालथं बांधलेलं होतं. डोक्याला लोकरी टोपी, अंगावर शाल. तिथली नर्स म्हणाली, आईच्या अंगाची ऊब हेच यांचं पहिलं औषध, दिवसाचे जितके तास जमेल तितके असंच धरायचं. बाळाची पाठ माझ्या तळव्याएवढी होती. श्वास घेताना ती सगळी हलत होती. धोका टळला असं अजून कुणी म्हणत नव्हतं, पण दूध नळीनं का होईना पोटात टिकत होतं.

मीरा म्हणाली की इथं आल्यापासून तिनं लावलेली नाही. दुधातून बाळाला जातं असं इथल्या बाईंनी सांगितलंय. ओठ सुकतात, हात थरथरतात, पण ही छातीवर असली की हात मोकळाच नसतो. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून होते.

"मावशी, म्या लई इचार करते," ती म्हणाली. "सासूबाईनं नुसती धाडली आसती तर म्या लावली नसती. आईनं म्हनलं तरी न्हाय. पर तुमी आणली. सिस्टरची भैन. मला वाटलं, आता चालत आसंल."

मी म्हटलं, "मीरा, तू झाकण काढलंस तेव्हा मला माहीत होतं. शेवटच्या महिन्यांत जास्त जपायचं असतं, हे वैशालीनं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. मी बोलले नाही."

तिनं बाळाची टोपी कानावर ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मंग बोलायचं व्हतं की," ती म्हणाली. "म्या झाकण लावलं आसतं."